समोरून जवान, मागून चिमटे

खडकी बाजारात कुणालाही विचारा, कुसुमताई दाबके फौजेत होत्या. पानवाल्याच्या मते पासष्टच्या लढाईत, दूधवाल्याच्या मते एकाहत्तरच्या. पिठाच्या गिरणीतल्या सरुबाई तर आवाज एकदम खाली आणून सांगतात, "रणगाड्यावर बसल्याल्या बघितलंय की लोकांनी." कुठल्या लोकांनी, असं विचारलं की दळणाचा डबा पुढे ओढून म्हणतात, "बारीक पाहिजे का जाडं?" पुरावा म्हणून सगळे एकच गोष्ट पुढे करतात, ती म्हणजे बाईंचा आवाज. फोटो स्टुडिओच्या आतून त्यांनी "खांदे... मागे" असं म्हटलं, की समोर बँकेच्या रांगेत उभे असलेले पेन्शनर आपोआप सरळ होतात. अशी बाई फौजेत नव्हती, तर मग होती कुठे?

स्वयंपाकघरात होती. कुसुमताईंनी जन्मात बंदूक हातात धरलेली नाही. रणगाडा त्यांनी पाहिला तो सव्वीस जानेवारीच्या संचलनात, तोही लोकांच्या डोक्यांवरून. आपल्या खडकीतल्या ट्रेनिंग सेंटरच्या फाटकातून त्या आत गेल्या त्या आयुष्यात एकदाच, आणि तेही चूक कबूल करायला. आवाज मात्र खरोखरच फौजेचा आहे. तो त्यांनी भिंतीपलीकडून उचलला.

दाबके फोटो हे दुकान त्यांच्या यजमानांचं, दिगंबररावांचं. ते मूळचे नारायण पेठेतले. पेठेत मुंजीचे आणि लग्नाचे फोटो काढणारे गल्लीला चार, म्हणून ते कॅमेरा घेऊन खडकीत आले आणि इथे त्यांना रंगरूट सापडले. रंगरूट म्हणजे फौजेत नवी भरती झालेली पोरं. त्यांचं शिक्षण पुरं होऊन कसम परेड झाली, की वर्दीतला एक फोटो घरी जायचा. पोरगं गावाहून निघालेलं असायचं पायजम्यात, केसांना तेल लावून. परत यायला अजून कितीतरी महिने असायचे. तोवर घरच्यांना जवान दिसायचा तो या फोटोतच. रेडिओच्या वर नाहीतर देव्हाऱ्याशेजारी तो टांगला जायचा, आणि त्याला हार घालायचा नाही हे पोराटोरांनासुद्धा माहीत असायचं.

दिगंबररावांची कामाची एक रीत होती. रंगरुटाला मिळालेली वर्दी त्याच्या अंगापेक्षा चार बोटं सैल असायची, कारण ती त्याच्यासाठी शिवलेली नसायची, कुणासाठीच शिवलेली नसायची. म्हणून त्याला स्टुलावर बसवला की पाठीमागे कापड ओढून लाकडी चिमटे लावायचे, कपडे वाळत घालताना लावतात तेच. मानेशी एक, खांद्यांमध्ये दोन, कमरेला तीन. समोरून बघावं तर छाती ताठ, कॉलर चपखल, साहेबाच्या शिंप्याने बेतलेली वर्दी. मागून बघावं तर गच्चीवरची दोरी. हे चिमटे लावायचं काम कुसुमताईंचं. त्या नऊवारीचा पदर खोचून मागे उभ्या राहायच्या, आणि पोरं लाजेनं कानापर्यंत लाल व्हायची. काळ्यापांढऱ्या फोटोत ते दिसायचं नाही, एवढंच बरं.

दुसरी रीत म्हणजे एक प्रश्न. शटर दाबायच्या आधी दिगंबरराव काळ्या कापडातून डोकं बाहेर काढून विचारायचे, "घरी पाकीट कोण फोडणार?" कुणी आई म्हणे, कुणी वडील, कुणी थोरला भाऊ. ते उत्तर देताना तोंडावर जे काही येई, त्याच वेळी खटका पडे. वहीत नाव, गावाचा पत्ता आणि पुढे पाकीट फोडणाऱ्याचं नाव. सगळ्या वह्या अजून आहेत. उघडल्या की आतून हायपोचा, म्हणजे फोटो धुवायच्या औषधाचा, आंबूस वास येतो.

अडुसष्ट साली दिवाळीनंतर दिगंबररावांच्या छातीत कळ आली आणि दुपारपर्यंत सगळं आटोपलं. कुसुमताई तेव्हा सत्तावीस वर्षांच्या. तेरावं झाल्यावर दीर आप्पासाहेब आले. ते सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, आणि आवक-जावक रजिस्टरात नोंद करावी तसं प्रत्येक वाक्य बोलायचे. सायकलवाला दुकान मागतोय, असं त्यांनी सांगितलं. आपण नारायण पेठेत यावं, वरची खोली मोकळीच आहे, असंही सांगितलं. कुसुमताई म्हणाल्या, मी फोटो काढीन. धुणं, छापणं मला येतंच. आप्पासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"वहिनी, मागे उभं राहून चिमटे लावणं निराळं आणि पुढे उभं राहून फोटो काढणं निराळं."

त्यात चूक काही नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. शेवटी ठरलं असं, की सेंटरचं काम राहिलं तर दुकान राहील, आणि सेंटरने दुसरीकडे पोरं पाठवायला सुरुवात केली तर कॅमेरा विकायचा आणि चावी सायकलवाल्याला द्यायची.

सेंटरचं काम ज्यांच्या हातात होतं ते सुभेदार हिंदुराव. मिशा अशा की त्यांना वेगळी सलामी द्यावी. ते दुकानात आले आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून त्यांनी टोपी काढली. मग म्हणाले, पुढच्या रविवारी चाळीस पोरं पाठवतो, बघू. त्या 'बघू'चा अर्थ कुसुमताईंना नीट कळला.

रविवार उजाडला आणि पहिल्या पोरापाशीच गाडी अडली. कुसुमताई काळ्या कापडातून म्हणाल्या, "जरा हनुवटी खाली घेता का आपण?" असा आवाज पोरानं तीन महिन्यांत ऐकला नव्हता. त्याला वाटलं बाई दुसऱ्याच कुणाशी बोलतायत. तो मागे वळून बघायला लागला आणि मानेचा चिमटा सुटून उडाला. बाहेर बसलेली एकोणचाळीस डोकी फिदीफिदी हसली. दुसऱ्या खेपेला त्यांनी "अहो, कृपा करून" लावून पाहिलं. त्यावर तो स्वतःच हसला.

स्टुडिओची मागची भिंत आणि कवायतीचं मैदान यांच्यामध्ये फक्त एक रस्ता. लग्न झाल्यापासून रोज सकाळी भाजी चिरताना कुसुमताईंच्या कानावर हिंदुरावांचा आवाज पडत आला होता. पहिला शब्द लांबवायचा, मग श्वासभर थांबायचं, आणि दुसरा शब्द कुऱ्हाडीसारखा टाकायचा. त्यांनी कापडाच्या आत डोकं घातलं, कारण तोंड दिसत असताना तसं करणं त्यांना जमलं नसतं, आणि पोटातून आवाज काढला.

"हनुवटीऽऽ... खाली. खांदेऽऽ... मागे. हिलायचं नाय."

स्टुलावरचा पोरगा दगड झाला. बाहेरचे एकोणचाळीस बाकावरून उठून उभे राहिले. डोकं बाहेर काढलं तर दारात खुद्द सुभेदार हिंदुराव उभे, आणि तेही सावधान. हिंदुराव खाकरले, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले की 'हिलायचं' जरा जास्त ओढलंत, बाकी ठीक. मग बाहेर जाऊन उन्हात उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते असं नंतर एका रंगरुटाने सांगितलं.

चाळीस फोटो दुपारपर्यंत झाले. प्रत्येकाला तोच प्रश्न विचारला, प्रत्येकाचं उत्तर वहीत गेलं. खरी चूक झाली ती दुसऱ्या दिवशी.

तेव्हा एकेका फोटोची सुटी निगेटिव्ह असायची, आणि कुणाची कोणती हे कळावं म्हणून कडेला नंबर घालावा लागायचा. कुसुमताईंनी यजमानांना नंबर घालताना शेकडो वेळा पाहिलं होतं. पण ते कशानं घालतात हे पाहिलं नव्हतं. त्यांनी शिसपेन्सिलीनं घातले. सोमवारी निगेटिव्ह वाळल्या तर पाण्याचे डाग दिसले, म्हणून त्यांनी सगळ्या कापसानं हलके पुसून पुन्हा धुतल्या आणि जिथे चिमटा रिकामा दिसला तिथे लटकवल्या. डाग गेले. नंबरही गेले. उरले चाळीस मुंडण केलेली डोकी, चाळीस टोप्या, चाळीस सारख्या मिटलेल्या जिवण्या, आणि सगळ्यांच्या मागे तोच डोंगराचा पडदा.

त्यांनी वही समोर घेतली. नजर जरा मऊ दिसते ते आईवाले, नाकपुड्या फुगल्यात ते वडीलवाले, असे ढीग लावून पाहिले. ढीग झाले, पण ढिगातला संतराम कोण आणि नामदेव कोण हे कसं ठरवायचं? अंदाजे पाकिटं भरून टाकावीत, असं मनात आलं. तक्रार यायला महिना लागला असता, आणि कदाचित आलीही नसती. मग त्यांना एक चित्र दिसायला लागलं: लांबच्या कुठल्या तरी गावात एक बाई ओल्या हाताने पाकीट फोडते, फोटो उजेडाला धरते आणि दुसऱ्याच कुणाचा तरी मुलगा तिच्याकडे बघतोय.

मंगळवारी त्या फाटकातून आत गेल्या. सोबत आप्पासाहेब होते, कारण एकट्या बाईने तिथे जाणं बरं नव्हे, आणि बहुधा परतताना सायकलवाल्याकडे जाता यावं म्हणूनही. कुसुमताईंनी हिंदुरावांना झालेलं सगळं सांगितलं. पाण्यावर ढकललं नाही, पेन्सिलीवरही नाही. चूक माझी, म्हणाल्या. फोटो हे, नावं ही, जोडून द्या. मग काम कुणाला द्यायचं ते तुम्ही ठरवा.

हिंदुरावांनी पलटण उभी केली. पहिला फोटो वर धरून विचारलं, कोण हा? कुणीच हलेना. दुसरा धरला. तिसरा धरला. तेव्हा उलगडा झाला. बराकीत आरसा होता तो तळहाताएवढा, दाढीपुरता. वर्दी आणि टोपी घातलेला, केस उतरलेला, गाल बसलेला आपला पुरा चेहरा या पोरांनी पाहिलाच नव्हता. फोटो हातात दिला तरी "मी न्हाई ह्यो," असं म्हणून पोरगा तो शेजाऱ्याला द्यायचा, आणि शेजारी म्हणायचा, "लेका, तूच हायेस की."

हिंदुरावांना हसू आवरेना. "बाई, चाळीसांतला एक बी सोताला वळखत न्हाई. म्हंजे माझं काम चोख झालं."

"तुमचं झालं असेल," कुसुमताई म्हणाल्या. "माझं काम घरच्यांनी ओळखावं हे आहे. ते झालेलं नाही."

हिंदुरावांचं हसणं थांबलं. त्यांनी फोटोंचा गठ्ठा स्वतःच्या हातात घेतला आणि एकेका पोरापुढे जाऊन, त्याच्या जोडीदारांना विचारून, नावं लावायला सुरुवात केली. तासाभरात अडतीस लागले.

दोन राहिले. संपत आणि भैरू. एक कात्रजकडचा, दुसरा खराडीचा. खराडी म्हणजे तेव्हा नुसती ज्वारी आणि नदीकाठची बाभळ. दोघांचेही चेहरे गोल, कान सुपासारखे, आणि पलटणीत अर्धे म्हणत हा संपत, तर अर्धे म्हणत हा भैरू. त्या दोघांना विचारलं तर दोघांनीही एकाच फोटोवर बोट ठेवलं, कारण त्यात मिशी जरा बरी आली होती.

हिंदुरावांनी तासाची सुट्टी दिली. कुसुमताई दोघांना स्टुडिओत घेऊन आल्या. हिंदुराव आले, आप्पासाहेबही आले. संपतला स्टुलावर बसवला, चिमटे लावले, आणि या वेळी कापडात डोकं न घालता त्याच्या समोर उभं राहून विचारलं, "पाकीट कोण फोडणार?"

"थोरली भन. मैनाअक्का," संपत म्हणाला. "आदी नावं ठिवील, मग गावभर दाखवत हिंडंल." बोलताना त्याच्या भुवया किंचित वर गेल्या, टोमणा यायच्या आधीच झेलायला तयार असल्यासारख्या.

मग भैरू बसला.

"आजी. मथुराबाई. तिला वाचाया येत न्हाई. पन माझं पाकीट तिच्याबिगर कुनी फोडायचं न्हाई, आसं सांगून ठिवलंय तिनं घरात." आणि त्याच्या जिवणीचं डावं टोक खाली गेलं. हसू नव्हतं, रडू नव्हतं. नुसतं खाली गेलं.

कुसुमताईंनी दोन्ही फोटो खिडकीपाशी नेले. एकात भुवया केसभर वर होत्या. दुसऱ्यात जिवणी केसभर खाली होती. केसभरच.

"पक्कं?" हिंदुरावांनी विचारलं.

"पक्कं," त्या म्हणाल्या.

पाकिटं बंद झाली. आप्पासाहेबांनी एकेक पत्ता आपल्या हेडक्लार्की अक्षरात लिहिला, आणि लिहिता लिहिता मान वर न करता म्हणाले, "सायकलवाल्याला नाही म्हणून कळवतो. नंबर यापुढे शाईनं घाला, वहिनी. आमच्याकडे जावक नेहमी शाईनं असते." पुढच्या रविवारी हिंदुरावांनी त्रेपन्न पोरं पाठवली, आणि 'बघू' म्हणाले नाहीत.

त्यानंतर कुसुमताईंनी दारापाशी पुरुषभर उंचीचा आरसा लावला. रंगरूट आला की आधी आरशासमोर. "एक मिनिट स्वतःला बघून घे. ओळख पटली की स्टुलावर." पोरं बघत राहायची. काही टोपी सारखी करायची, काही आपल्याच गालाला हात लावून बघायची. एक तर म्हणाला होता की बापासारखा दिसाया लागलो. रविवारी दुपारी रस्ता पोरांनी भरलेला असायचा, दोन दोनच्या जोड्या, इस्त्रीचे पांढरे शर्ट, एका हातात बेकरीची नानकटाई. ज्याला वर्दीची पिशवी असेल तो दाबके फोटोकडे वळायचा. आता पोरं बराकीतच मोबाइलवर फोटो काढतात आणि रस्त्यावर रिक्षा भरलेल्या असतात. तरीही कसम परेडनंतर पाच-सात जण येतातच. कॅमेरा डिजिटल झाला. चिमटे आता प्लॅस्टिकचे आहेत, लाल आणि हिरवे, पण जागा त्याच. मानेशी एक, खांद्यांमध्ये दोन, कमरेला तीन.

कॉलेज सुटलं की मी दुकानात कुसुमताईंच्या हाताखाली असते, आणि ही सगळी हकीकत त्यांच्याकडून इतक्या वेळा ऐकली आहे, की हिंदुरावांचं खाकरणंसुद्धा मला येतं. एकच जागा मला पटायची नाही, ती त्या 'पक्कं'ची. अडतीस जणांचं ठीक, साक्षीदार होते. पण शेवटचे दोन? केसभर भुवई आणि केसभर जिवणी म्हणजे नाणं उडवण्यातलाच प्रकार, असं मी तोंडावर म्हणायचे. त्या म्हणायच्या, "तुझी बडबड झाली असेल तर तो पडदा झटक." मैनाअक्का टोमणेच मारायची, पोच देणाऱ्यांतली ती नव्हती. मथुराबाईंना लिहिता येत नव्हतं. बेचाळीस वर्षं झाली, दोन्ही घरांतून अवाक्षर नाही.

मागच्या महिन्यात एका शनिवारी दुकानात फोन वाजला. खराडीवरनं भैरू बोलतोय, नातवाची उद्या कसम परेड हाय, येताना जुना फोटो आणतो, मोठा करून पाहिजे. मी तिथेच पैज लावली, की भैरूच्या घरी बेचाळीस वर्षं संपतचा फोटो टांगलेला आहे. मी जिंकले तर गणपतीत माइकवर कुसुमताईंची नक्कल करायची, पहिल्या रांगेत त्यांना बसवून. हरले तर पूर्ण एक महिना त्यांचा आवाज काढायचा नाही, घरात नाही, कॉलेजात नाही, बाथरूममध्येसुद्धा नाही. त्या म्हणाल्या, "मान्य. तोंडाचा व्यायाम थांबेल तुझ्या."

रविवारी भैरू आले. पांढरं धोतर, हातात सोन्याचं कडं. रान बिल्डरला दिलं, आता आमच्या बांधावर लिफ्ट हाय, असं स्वतःच सांगून मोकळे झाले. पिशवीतून फ्रेम काढून काउंटरवर ठेवली. ते ठेवत असताना कुसुमताईंनी पाठ फिरवली आणि अगोदरच स्वच्छ असलेली लेन्स पुसायला घेतली. मला एकदम ती पैज लावायला नको होती असं वाटलं.

मी फोटोकडे बघितलं, भैरूंकडे बघितलं. गाल ओघळलेले, भुवया पांढऱ्या, मिशी वाढून जिवणी झाकलेली. काहीच सांगता येईना. त्यांनाच विचारलं तर म्हणाले, "मला नका इचारू, पोरी. मला तवाबी कळलं नव्हतं. आजीनं एकदा हातात घेतला, कडेवरनं बोट फिरवलं आन् भितीवर लावा म्हनाली. तिला कुटं नीट दिसत व्हतं."

तेवढ्यात दाराशी बूट वाजले. वर्दीतला नातू गाडी लावून आत आला. त्याने टोपी सारखी केली, आजोबांकडे बघितलं, आणि पार्किंगवाल्याने पन्नास रुपये मागितले, घरी गेल्यावर आजी ओरडेल, असं काहीसं पुटपुटला. पुटपुटताना त्याच्या जिवणीचं डावं टोक खाली गेलं.

काउंटरवरच्या फ्रेममध्ये तेच टोक, तेच सुपासारखे कान, तोच गोल चेहरा होता. एकोणीसशे अडुसष्ट साली काढलेला त्या पोराचाच फोटो म्हणून कुणीही शपथेवर सांगितलं असतं.

कुसुमताईंनी फ्रेम दोन्ही हातांनी उचलली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. मग नातवाला आरशासमोर उभं केलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आजची तारीख लिहून ठेव. शाईनं."

मी लिहून ठेवली. पूर्ण तीस दिवस मी कुणाची हनुवटी खाली केली नाही, कुणाचे खांदे मागे घेतले नाहीत. काल रात्री महिना संपला, म्हणून आज हे लिहायला बसले.